भुंगा लाकूड कोरतो, पण खात नाही

होळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बाल्कनीतला बांबू किंवा झोपाळ्याची लाकडी दांडी, तिला खालच्या बाजूने पाडलेलं गोल भोक आणि खाली फरशीवर पिवळसर भुशाची चिमूटभर रास. फोटोखाली प्रश्न: "ही वाळवी आहे का?" मग एक काका लिहितात, "काळा भुंगा आहे, भयंकर विषारी असतो, लांब राहा." कुणी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकतं. कुणाचा इंग्रजी शाळेतला मुलगा सांगतो की हा बंबलबी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोटो, तेच काका.

ही वाळवी नाही आणि बंबलबीही नाही. काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते का हे पुढे येईल. तेवढं कळलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

भुंगा म्हणजे नक्की कोण?

घोळ आपल्या भाषेतच आहे. नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या किड्याला आपण गेंड्या भुंगा म्हणतो, माडाच्या खोडात शिरणाऱ्याला सोंड्या भुंगा म्हणतो आणि फुलांवर गुणगुणणाऱ्या काळ्याभोर गड्यालाही भुंगाच म्हणतो. पहिले दोघे खरं तर भुंगेरे. त्यांच्या पाठीवर टणक कवचासारखे पंख असतात. तिसऱ्याचे चारही पंख पातळ, पडद्यासारखे, उन्हात निळी-जांभळी झाक मारणारे. हा तिसरा भुंगा चक्क माशी आहे, मधमाशीच्याच कुळातली. मधमाशी आणि तो चुलत भावंडं म्हणा. लाकूड कोरतो म्हणून त्याला सुतार भुंगा किंवा सुतारमाशी असंही म्हणतात. या लेखात नुसतं भुंगा म्हटलं की हाच समजायचा.

शास्त्रज्ञ याला झायलोकोपा म्हणतात. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये हे नाव ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लाकूडतोड्या. म्हणजे ग्रीकमध्येही सुतारच. जगभरात याच्या सुमारे ५०० जाती आहेत आणि त्यातल्या तीसेक भारतात सापडतात. आपल्याकडे सहज दिसतो तो पूर्ण काळा. दुसऱ्या काही जातींच्या मादीने पाठीवर पिवळीजर्द शाल पांघरल्यासारखी दिसते. या शालवाल्या जातींचा नर सगळाच्या सगळा सोनेरी-हिरवट असतो. नर-मादी शेजारी ठेवले तरी दोघं एका जातीची आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही.

बंबलबी हा थंड प्रदेशातला केसाळ प्राणी. भारतात तो मुख्यतः हिमालयात राहतो. आपला भुंगा त्याच्याच आकाराचा, पण पोट बघा: बंबलबीचं पोट लोकरीच्या गुंड्यासारखं असतं, भुंग्याचं तेल लावून पुसलेल्या बुटासारखं चकचकीत.

मग लाकूड खातो कोण?

भुंगा तर नाहीच. लाकूड वाळवी खाते. भुंगा मकरंद पितो आणि पराग खातो. लाकूड त्याला घर बांधायला लागतं, आणि तेही फक्त मादीला. नर या कामात हात घालत नाही.

मादी जबड्यांनी लाकूड किसते, अंग हळूहळू गोल फिरवत. त्यामुळे भोक गिरमिटाने पाडल्यासारखं नेमकं गोल होतं, साधारण तिच्याच जाडीचं, सेंटिमीटरभर रुंद. कान लावला तर कर्रकर्र ऐकू येतं. भुसा ती मागच्या पायांनी बाहेर लोटते. भोक थोडं आत गेलं की बोगदा काटकोनात वळतो आणि लाकडाच्या रेषेने पुढे जातो. आपला सुतारही रंधा रेषेच्याच दिशेने मारतो, कारण आडवं कोरायला मेहनत जास्त. अमेरिकेतल्या एका जातीचा हिशेब सांगतात की रेषेने एक इंच कोरायला मादीला साधारण सहा दिवस लागतात. बांबू मिळाला तर काम सोपं: एक भोक पाडलं की आतली पोकळी आयती. त्यामुळे बाल्कनीत शोभेचे बांबू लावणाऱ्यांनी "आमच्याचकडे का येतात?" असं विचारू नये.

एक गोष्ट मात्र पक्की. तिला लाकूड मेलेलं आणि वाळलेलं लागतं. हिरव्या, जिवंत झाडाच्या वाटेला ती सहसा जात नाही. ज्ञानेश्वरांनी पहिल्या अध्यायात भ्रमराचा दाखला दिला आहे: तो भलतं कठीण लाकूड भेदतो, पण कोवळ्या कळीत सापडला की जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. अर्जुनाचा मोह समजावण्यासाठी आलेली ही ओवी आपण शाळेपासून ऐकतो. पण तिथे लाकडाला 'कोरडं' म्हटलेलं आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकं पाहिलेलं होतं. कमळात रात्री खरोखर अडकतात ते बहुतेक वेळा भुंगेरे, ही गोष्ट वेगळी. पण कमळ संध्याकाळी मिटतं हे खरं, आणि वासे कोरणारा हा भ्रमर म्हणजे आपला सुतार भुंगाच, याबद्दल मला शंका नाही.

एका घरात सहा-सात पोरं, बस

मधमाश्यांची राणी ऐन हंगामात दिवसाला हजारभर अंडी सहज घालते. भुंग्याची मादी एका वेळी घालते ती पाच, सहा, फार तर आठ. पण एकेक अंडं केवढं! या कुळातल्या एका आशियाई जातीचं अंडं दीड सेंटिमीटरहून लांब भरलं आहे. सगळ्या कीटकांत सर्वांत मोठ्या अंड्यांत त्याची गणना होते. आई स्वतः जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची. कोंबडीशी प्रमाण लावून बघा आणि कोंबडीची दया येऊ द्या.

बोगद्याच्या अगदी आतल्या टोकाला ती पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवते, पुरणाच्या उंड्यासारखा घट्ट. त्याच्यावर एक अंडं. मग लाळेत भुसा कालवून भिंत. ही भिंत बारकाईने पाहिली तर एका बाजूला जिलबीसारखी वळणं दिसतात, कारण ती कडेपासून मध्याकडे गोल गोल लिंपत येते. भिंतीच्या अलीकडे दुसरा गोळा, दुसरं अंडं, दुसरी भिंत. आगगाडीचे डबे जोडावेत तशी एकामागे एक खोल्यांची रांग तयार होते. आत अळी गोळा खाते, कोषात जाते आणि महिना-दीड महिन्यात भुंगा होऊन बाहेर यायला तयार होते.

इथे एक पेच आहे. सर्वांत थोरलं मूल सर्वांत आत आणि शेंडेफळ दाराशी. थोरला आधी तयार झाला तरी त्याची वाट धाकट्या भावंडांनी अडवलेली. मग मधल्या भिंती पडतात आणि सगळी त्याच बोगद्यात दाटीवाटीने बसून राहतात. मोठी झालेली ही पोरं लगेच उडून जात नाहीत, कित्येक दिवस घरातच असतात आणि आई बाहेरून मकरंद आणून त्यांना भरवते. मुंगी-मधमाशीच्या राज्यासारखं हे राज्य नाही, पण अगदी एकटा जीवही नाही. काही जातींत दोन माद्या एक बिऱ्हाड वाटून घेतात: एक बाहेर जाते, दुसरी दाराशी राखण करते. भोकात टॉर्च मारल्यावर काळं चकचकीत बूच बसवल्यासारखं दिसलं, तर ते बूच म्हणजे राखणदारणीचं पोट.

आणखी एक बिऱ्हाडकरू आहेत. काही जातींच्या माद्यांच्या पोटाच्या पहिल्या वळ्यात एक चिमुकली पोकळी असते आणि तिच्यात बारीक माइट राहतात, गोचिडीच्या नात्यातले. मादी नव्या घरी निघाली की हेही तिच्याबरोबर निघाले. रक्त पिणारे भाडेकरू पोसायला कुणी अंगात खोली बांधत नाही. म्हणून तज्ज्ञांचा तर्क असा की हे माइट बोगद्यातली बुरशी आणि घाण साफ करत असावेत.

पण तो तोंडासमोर येऊन उभा राहतो, त्याचं काय?

भीतीचं खरं कारण हेच. अंगणात गेलं की एक भुंगा हातभर अंतरावर हवेत एका जागी तरंगतो, थेट डोळ्यांत बघतो, बाजूला होतो, पुन्हा येतो. माणूस ओरडत घरात पळतो.

हा नर असतो. त्याने ती जागा, एखादं झुडूप किंवा गच्चीचा कोपरा, आपली मानलेली असते आणि तिथून जाणाऱ्या मादीची तो वाट बघत असतो. जे काही हलेल ते मादी असेल या आशेने तो प्रत्येकाची चौकशी करतो: दुसरा भुंगा, फुलपाखरू, चिमणी, तुम्ही. एक छोटा खडा त्याच्या समोरून वर उडवून पाहा. तो खड्याच्या मागे धावतो, निराश होतो आणि परत आपल्या जागी येऊन तरंगतो.

आणि त्याला नांगीच नसते. माश्यांची नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळी. ती पुढे सुईसारखी बदलली. ज्याला अंडी घालायची नाहीत त्याच्याकडे सुई कुठून येणार? म्हणजे जो अंगावर येतो त्याच्याकडे हत्यार नाही, आणि जिच्याकडे हत्यार आहे तिला तुमच्याकडे बघायला वेळ नाही.

काकांचं अर्धं खरं ते इथे. मादी डंख मारू शकते. तिची नांगी मधमाशीसारखी कातडीत अडकून तुटत नाही, त्यामुळे ती पुन्हापुन्हा मारू शकते, आणि चांगलं दुखतं. पण त्यासाठी तिला मुठीत धरावं लागतं, तिच्यावर बसावं लागतं किंवा तिच्या भोकात काडी घालावी लागते. मधमाश्यांचं मोहोळ उठतं तसे भुंगे उठत नाहीत. ज्याला माशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी आहे, त्याने मात्र जपावं. डंखानंतर चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

जाता जाता मुलांना घालायला एक कोडं. असा कोण ज्याला बाप नाही, पण आजोबा आहेत? उत्तर: नर भुंगा. फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्या अंड्यातून नर. त्यामुळे त्याला फक्त आई आणि आईचे वडील. मधमाश्यांतही असंच चालतं.

मधमाश्या आहेत की! भुंगा कशाला हवा?

हा प्रश्न शेतकरीही विचारतात आणि तो रास्त आहे. मधाच्या पेट्या ठेवल्या की परागीभवन झालं असं आपण धरून चालतो. परागीभवन म्हणजे एका फुलातला पराग दुसऱ्या फुलातल्या स्त्रीकेसरावर पोचणं. त्यानंतरच फळ धरतं, बी भरतं. काही झाडांच्या बाबतीत ही पोचवणूक मधमाशीच्या आवाक्यातली नसते.

वांग्याचं फूल घ्या. मधोमध पिवळ्या नळ्यांचा शंकू असतो. बहुतेक फुलांत पराग बाहेर मोकळा पडलेला असतो. इथे तो नळीच्या आत बंद, आणि नळीच्या टोकाला बारीक भोक. जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी आठवा: नुसती ठेवली तर मीठ पडत नाही, हलवावी लागते. भुंग्याची मादी त्या शंकूला मिठी मारते, पंख मिटते आणि उडायचे स्नायू पंख न हलवता जोरात थरथरवते. त्या क्षणी तिचा आवाज बदलतो, उडतानाच्या जाड घुंईऐवजी वरच्या पट्टीतली छोटी झींऽ येते, आणि भोकातून परागाची पिवळी पिचकारी तिच्या पोटावर उडते. ही कला मधमाशीला येत नाही. टोमॅटो, वांगं यांना वाऱ्याच्या हलण्यानेही थोडं फळ धरतं हे खरं, पण थरथरीने ते अधिक भरतं. युरोपात काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबलबी विकत आणून सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बंबलबीला बंदी आहे, म्हणून तिथे या कामावर तिथल्या सुतारमाश्या लावून पाहिल्या गेल्या. रानात तरवड आणि बहावा यांची फुलंही याच मीठदाणीच्या घराण्यातली. बहाव्याखाली एप्रिलच्या उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तर ही झींऽ कानांनी ऐकता येते.

दुसरं उदाहरण आपल्या कुंपणावरचं: कृष्णकमळ. आजीने दाखवलेलं असतंच, बाहेरचे शंभर तंतू म्हणजे कौरव, त्यावरचे पाच पांडव. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हे पाच पांडव म्हणजे पुंकेसर, आणि त्यांचा पराग खालच्या बाजूला असतो. मकरंद असतो कौरवांच्या वर्तुळाच्या तळाशी. लहान माशी कौरवांवरून चालत जाऊन मकरंद पिऊन निघून जाते, वर टांगलेल्या पांडवांना तिचा स्पर्शही होत नाही. भुंगा मात्र एवढा जाड की कौरवांवर उतरला की त्याची पाठ पांडवांना घासलीच. थोड्या वेळाने फुलाचे तीन स्त्रीकेसर खाली वाकतात आणि दुसऱ्या फुलातून आलेल्या भुंग्याच्या पाठीवरचा पराग टिपून घेतात. खायचं पॅशनफ्रूट याच वेलाच्या नात्यातलं. ब्राझीलमध्ये त्याची मोठी शेती आहे. जिथे भुंगे कमी पडतात तिथे माणसं लावून फुलाफुलाला हाताने पराग लावतात, आणि ती मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

शनिवारी मारुतीला घालतो त्या रुईचंही असंच. तिचा पराग सुटा नसतो, दोन पिशव्यांत गच्च भरलेला आणि वर एका चिमट्याने जोडलेला. हा चिमटा भुंग्याच्या पायाला अडकतो आणि पिशव्यांची जोडी तशीच ओढली जाते. ती उपसायला अंगात जोर लागतो. ताग पेरणाऱ्याला विचारा: त्याच्या फुलाची होडीसारखी पाकळी वजनदार माशी बसल्याशिवाय उघडत नाही. शेवग्यावरही भुंगा नेमाने येतो.

आता चोरीचंही सांगायला हवं, नाहीतर हे गुणगान एकतर्फी होईल. टेकोमाची पिवळी घंटा लांब असते, जाड भुंग्याला तिच्या तळाशी पोचणं अवघड. मग तो समोरून जातच नाही. फुलाच्या देठाजवळ बाहेरून बसतो, नळीला चीर पाडतो आणि मकरंद शोषून घेतो. परागाला हातही लावत नाही. गळलेली फुलं उचलून पाहा, तळाशी तपकिरी चीर असते. म्हणजे हाच प्राणी कृष्णकमळाचा टपालवाला आणि टेकोमाचा घरफोड्या. फूल त्याच्या मापाचं असेल तर काम करतो, नसेल तर भिंत फोडतो.

भीमाशंकरची रातपाळी

मला या सगळ्यात सर्वांत नवल वाटतं ते आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका गोष्टीचं. भीमाशंकरला लोक ज्योतिर्लिंगासाठी जातात, काही शेकरू बघायला. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या शास्त्रज्ञ तिथल्या जंगलात भुंग्यांचा अभ्यास करत होत्या. वारस नावाचं एक झाड तिथे आहे. त्याची पांढरी सुवासिक फुलं रात्री उमलतात. रात्रीचं पांढरं फूल म्हटलं की पतंग किंवा वटवाघूळ येणार असा सर्वसाधारण नियम. इथे रात्री येत होता भुंगा.

पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले दृष्टितज्ज्ञ या कामात आले आणि चित्र आणखी विचित्र निघालं. त्या जंगलात भुंग्यांच्या तीन जाती तीन पाळ्यांत काम करतात, गिरणीत असत तशा. एक फक्त दिवसा. दुसरी दिवसा आणि तिन्हीसांजेला, शिवाय चंद्र असेल तर रात्रीही. आणि तिसरी, झायलोकोपा ट्रँकबारिका, ही खरी रातपाळीवाली: चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात उडते. तिचं नाव तमिळनाडूच्या तरंगमबाडीवरून पडलं आहे. जगात रात्री उडणाऱ्या माश्या इतरही आहेत, पण त्यांना बहुधा संधिप्रकाश किंवा चांदणं लागतं. अमावास्येलाही कामावर जाणारी माशी म्हणून ओळख आहे ती हिची.

याचं एवढं कौतुक का? कारण तिचा डोळा मुळात दिवसाचा आहे. पतंगाच्या डोळ्यात शेकडो भिंगांनी गोळा केलेला उजेड एकाच जागी पडतो, जसं सगळ्या छपराचं पाणी एका हौदात सोडावं. माशीच्या डोळ्यात प्रत्येक भिंगाचा उजेड ज्याच्या त्याच्या नळीत जातो, म्हणजे पागोळ्यांखाली एकेक तांब्या ठेवल्यासारखं. पाऊस धो-धो असेल तर तांबे भरतात, भुरभुर असेल तर तळही ओला होत नाही. या रातभुंग्याने हौद काही बांधला नाही, पण तांबे मोठे केले: त्याच्या डोळ्यातली एकेक चकती मधमाशीच्या चकतीपेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद आहे. कपाळावर माश्यांना तीन साधे डोळे असतात, तेही त्याचे चांगले टपोरे झाले आहेत. अंग मोठं असल्यामुळे स्नायू थरथरवून तो स्वतःला गरम करून घेतो आणि डोंगरावरच्या गार रात्रीही उडू शकतो.

२००८ मध्ये या मंडळींनी दाखवलं की त्याला त्या अंधारात रंगही कळतात. त्यांनी घरट्यांजवळ रंगीत आणि करड्या खुणा लावल्या आणि भुंगा घरी परततो तो रंगावरून की नुसत्या फिकट-गडदपणावरून, हे तपासलं. रंगावरून, असं उत्तर आलं. आपल्याला ताऱ्यांच्या उजेडात लाल लुगडं आणि हिरवं लुगडं सारखंच काळं दिसतं. त्याच उजेडात हा आपलं दार रंगाने ओळखतो.

यातली घरटी कुठे होती? वाळलेल्या ओंडक्यांत, आणि गावातल्या घरांच्या लाकडांतही.

तरी पण माझा झोपाळा?

बरोबर आहे, घर तुमचं आहे. एका भोकाने झोपाळा पडत नाही. पण पुढच्या पिढ्या तेच भोक वापरतात, बोगदा वाढवतात, त्याला फाटे फोडतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेली तुळई आतून जाळीदार होऊ शकते. तेव्हा नुकसान शून्य असं मी म्हणणार नाही. वाळवीच्या तुलनेत ते फार सावकाश होतं, एवढंच.

भुंग्याला हवं असतं ते उघडं, रंग न लावलेलं, जुनं, पावसापासून आडोशाला असलेलं लाकूड. म्हणून पहिला उपाय रंगाचा. ऑइलपेंटचा हात दिलेल्या लाकडाला तो सहसा तोंड लावत नाही. व्हार्निश त्यापेक्षा कमी उपयोगी. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, लाकूड टिकायला ती चांगलीच. बांबूची उघडी टोकं आणि सांधे बंद करून टाका. भिंतीवर भोकाखाली पिवळट ओघळ दिसत असतील तर ती विष्ठा आहे, ओल्या फडक्याने निघते.

विषारी पावडर भोकात मारू नका, विशेषतः त्याच झोपाळ्यावर पोरं बसणार असतील तर. आणि बुजवायचं असेल तर आधी आत कुणी नाही ना ते बघा.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या पडवीतल्या झोपाळ्याच्या आढ्याला असंच भोक पडलं होतं. रंगाऱ्याकडची उरलेली लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) घेतली, एका संध्याकाळी भोकात ठासून भरली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. रात्री दिवे मालवल्यावर आढ्यातून आवाज यायला लागला. घुंऽ, मग थांबणं, मग कर्रकर्र. आई उठून बसली. म्हणाली, "अरे, आत कोण आहे त्याला आधी बाहेर काढ, मला नाही झोप लागायची." रात्री शिडी लावून लांबी उकरणं मला काही जमलं नाही. चौथ्या दिवशी जुन्या भोकाच्या चार बोटं पलीकडे नवंकोरं भोक होतं, खाली ताज्या भुशाची रास, आणि माझी लांबी जशीच्या तशी गुळगुळीत. आत कोंडलेली मादी दुसऱ्या बाजूने दार पाडून निघून गेली होती. एका भोकाची दोन भोकं करायला माझा असा हातभार लागला.

तेव्हापासून भोक बुजवायचं तर मी आठ-दहा दिवस नजर ठेवतो. ताजा भुसा पडत नाही, ये-जा नाही, संध्याकाळी टॉर्च मारला तर बूच दिसत नाही, मगच हात लावतो.

कुणीतरी सुचवलं म्हणून कुंपणाला वाळक्या बांबूचे हातभर तुकडे आडवे बांधूनही ठेवले, भुंग्यांना पर्यायी जागा म्हणून. पहिल्या वर्षी एका तुकड्यात कुंभारमाशीने माती भरली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्यात कोळी राहायला आला. भुंगा येऊन दोन-तीनदा बांबूभोवती फिरला, जरा तरंगला, आणि परत आढ्याकडे गेला.